टिटवी गप्प होते तेव्हा

७ जानेवारी

छकुले,

बेचाळिशीच्या बाईला, आणि तीही अख्ख्या वॉर्डाची मुख्य नर्स, असल्या नावाने हाक मारू नये हे तू मला बजावलं आहेस. पण तुझं कागदोपत्री नाव लिहायला घेतलं की मला बँकेत अर्ज देतोय असं वाटतं. तेव्हा सहन कर. फोनवर आपण भांडतो आणि पत्रात निदान एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देतो, हा तुझाच शोध. म्हणून लिहितो आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी. टिटवी मजेत आहे. अभ्यास करते. तुझ्या लेकीला तिकडे तुझ्या हॉस्पिटलजवळच्या वसतिगृहात ठेवायचं तू वर्षभर म्हणते आहेस. पण आपलं ठरलं आहे: तिचं सगळं नीट चाललं असेल तर शाळा संपेपर्यंत ती माझ्याकडे राहील. तर नीट चाललं आहे. विषय संपला.

आता खरी बातमी. आपल्या घरात कवयित्री जन्माला आली आहे. हसू नकोस. परवा दुपारी टिटवी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती, हातात चमचा. मी दोनदा हाक मारली, ऐकलं नाही. जवळ गेलो तर म्हणाली, "आजोबा, बघा ना, चमच्यात सगळी खोली मावते. उलटी. आणि तरी काहीच सांडत नाही." आणि हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला भरून आलं गं. असं वाक्य शाळेच्या पुस्तकात छापून आलं असतं तर मास्तरांनी आमच्याकडून चालीवर म्हणून घेतलं असतं. तुझ्यावर मी हा कवितेचा प्रयोग करून पाहिला होता, पण तू सातवीत कवितेच्या पुस्तकाच्या समासात बेडकाचं हृदय काढून ठेवलंस. एक पिढी गाळून वारसा उतरतो म्हणतात, तसं झालं असावं.

बाकी उशिरा उठते, भूक वाढली आहे, भांडंभर भात उभ्याने संपवते. वाढतं वय. खिडकीपाशी तास तास बसते आणि ढगांकडे बघते. सोळाव्या वर्षी मीही बघायचो.

तिच्या मफलरला हल्ली ओला पाला जाळल्यासारखा वास येतो. मागच्या बागेतला माळी पाला जाळतो, त्याला बोललं पाहिजे. खरं तर मला तो वास आवडतो. आमच्या शाळेमागे शिपाई असाच पाला पेटवायचा आणि धूर वर्गात यायचा. खोकत खोकत आम्ही कविता म्हणायचो. त्या कविता मला अजून पाठ आहेत, आणि तो खोकलाही.

तुझा,
बाबा


२९ जानेवारी

छकुले,

तुझं उत्तर आलं. पत्र कसलं, केसपेपरच तो. "डोळे लाल असतात का? बोलता बोलता थांबते का? मैत्रिणी बदलल्या का? खिशात काय असतं?"

मी नातीचे खिसे तपासत नाही. डोळे म्हणशील तर मोबाईल बघून सगळ्यांचेच लाल असतात, माझेही. तू दिवसभर आजारी माणसं बघतेस म्हणून तुला सगळीकडे आजार दिसतो. मागच्या वर्षी नोकरीसाठी निघताना तू म्हणाली होतीस, "बाबा, तुम्ही तिला बघणार नाही, तिच्यात काहीतरी सुंदर शोधत बसाल." ते वाक्य मी विसरलेलो नाही. असली वाक्यं मी विसरत नाही.

उलट अभिमानाची गोष्ट ऐक. आमच्या हौशी मंडळाच्या नाटकात टिटवीला दीपगृहाच्या रखवालदाराच्या मुलीचं काम मिळालं आहे. मोठं काम आहे. मी नेहमीप्रमाणे विंगेत, हातात संहिता. आयुष्यभर प्रॉम्प्टिंग केलं, आता निवृत्तीतही तेच; फरक एवढाच की पूर्वी नट माझ्यावर ओरडायचे, आता चहा देतात.

दिग्दर्शकबाई तिच्यावर खूश आहेत. काल म्हणाल्या, "काय पॉज घेते हो तुमची नात. वाक्य अर्ध्यावर सोडते, समुद्राकडे बघते, सगळं थिएटर श्वास धरतं. हे शिकवून येत नाही."

मी मान डोलावली.

आता एक तुलाच सांगतो. पॉज आणि विसरणं यांतला फरक प्रेक्षकाला कळत नाही, दिग्दर्शकाला कधी कळतो, प्रॉम्प्टरला कळावाच लागतो. पॉज घेणाऱ्याने पुढचं वाक्य दाताखाली धरलेलं असतं, त्याचा जबडा सांगतो. विसरलेल्याचे डोळे कडेकडेने हिंडतात, अंधारात भिंत चाचपडल्यासारखे. तेव्हा शब्द द्यायचा, हलक्या आवाजात, पहिल्या रांगेलाही कळू न देता. ओळीतला पहिला शब्द दिला की पुढची ओळ आपसूक येते.

टिटवीला हल्ली पहिला शब्द दिला की दुसराही द्यावा लागतो.

संवादच अवघड आहेत. लेखकाने वाक्यं फार लांब लिहिली आहेत. मी देतो शब्द, कुणाला काही कळत नाही. घरीही तेच. "आजोबा, ते... ते हे कुठंय?" म्हणते, मी म्हणतो, "चष्म्याचं घर?" ती म्हणते, "हां." चाललं आहे आमचं छान.

तुझा,
बाबा


१८ फेब्रुवारी

छकुले,

हे पत्र वाचताना घाबरू नकोस. मी दवाखान्यात जाऊन आलो. मेंदूच्या डॉक्टरांकडे.

झालं असं. या महिन्यात घरात दोनदा गॅस चालू राहिला. एकदा तर दूध आटून, जळून, पातेल्याचं बूड काळं झालं. शेजारच्या शिंपीणबाई वास येऊन धावत आल्या. किल्ली दाराला बाहेरून लटकलेली सापडली. नळ वाहता राहिला. घरात माणसं दोनच, एक सोळाची, एक पंचाहत्तरीची. विसरलं कोण असेल? मी स्वतःलाच विचारलं आणि स्वतःलाच पकडलं. ओट्यापाशी गेल्याचं मला आठवत नव्हतं, पण तेच तर या रोगाचं लक्षण ना. मनात म्हटलं, गेली म्हातारबाची विंग अंधारात. टिटवीला म्हणालो, "माझं डोकं चाललं बहुतेक." ती काहीच बोलली नाही. मी ते मायेचं गप्प बसणं समजलो.

दवाखान्यात तीच सोबत आली. डॉक्टर बाईच आहेत, तुझ्याच वयाच्या, बोलणं तुझ्यासारखंच तुटक. त्यांनी मला पाच शब्द सांगितले: पूल, कंदील, बूट, मीठ, खिडकी. लक्षात ठेवा, नंतर विचारेन. मग मला शंभरातून सात सात वजा करायला लावलं, घड्याळ काढायला लावलं, आज वार कोणता ते विचारलं. टिटवी शेजारच्या खुर्चीवर कंटाळली होती. म्हणाली, "मी पण खेळते." डॉक्टर म्हणाल्या, "खेळ की."

मग त्यांनी शब्द विचारले. मी तेवढ्यात त्यांची ओळच रचली होती: पुलावरून कंदील घेऊन बूट घातलेलं कुणीतरी मिठाची पुडी खिडकीतून देतंय. म्हणून दाखवली, चालीवर. डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. "उत्तम. आता तू."

टिटवी म्हणाली, "पूल. बूट." आणि थांबली.

मी पाहिलं. जबडा सैल. डोळे कडेकडेने.

"सोपं आहे यार," ती म्हणाली. "पूल... एक ते दिव्यासारखं..."

मी ओठ हलवले. सवय आहे गं, हात जळला की माणूस फुंकर घालतो तशी. "कं" एवढंच म्हणालो.

"आजोबा," डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "प्रॉम्प्टिंग नको."

तर डॉक्टरांचं म्हणणं, मला काहीही झालेलं नाही. वयाच्या मानाने फार चांगलं. बाकी सांगण्यासारखं काही नाही. शिवाय पेन संपत आलं आहे.

तुझा,
बाबा


१९ फेब्रुवारी

छकुले,

कालचं पत्र पेटीत टाकून आलो आणि तसाच बाकावर बसून राहिलो. पेन संपलं नव्हतं.

डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं आणि टिटवीशी बराच वेळ बोलल्या. मग दार उघडून त्या टिटवीलाच म्हणाल्या, "तू सांगतेस की मी सांगू?" टिटवी म्हणाली, "मी. पण इथे नाही." आम्ही जिन्यात जाऊन बसलो. लोक औषधाच्या पिशव्या घेऊन आमच्या मधून वर-खाली करत होते.

म्हणाली, "आजोबा, मी ओढते."

मी म्हणालो, "सिगारेट? अगं, मीही एकेकाळी..."

"सिगारेट नाही. वीड. गांजा."

मला हा शब्द साधूंच्या गोष्टींतूनच माहीत. मी विचारलं, "कधीतरी?"

"कधीतरी."

मी पहिल्यांदाच शब्द दिला नाही, पण तो शहाणपणा नव्हता, मला शब्द सुचतच नव्हता.

"रोज," ती म्हणाली. "शाळेआधी पण. तालमीआधी तर नक्कीच. चौदाव्या वर्षापासून."

मग तिनेच पुढचं सांगितलं. थिएटरमागच्या गोदामात तीन-चार मुलं जमतात, मोठी मुलं आणून देतात. माळी बिचारा निर्दोष आहे. गॅस तिनेच चालू ठेवला होता, दोन्ही वेळा. "तुम्ही स्वतःवर घेतलंत तेव्हा मी सांगणार होते. मग म्हटलं, यांना खरंच तसं वाटतंय तर वाटू दे. मग तुम्ही डॉक्टरांकडे जायला निघालात, तेव्हा भीती वाटली. तुम्हाला उगाच गोळ्या दिल्या असत्या तर?"

मी एकच विचारलं. विचारायला नको होतं. "तो चमचा, टिटवे?"

तिने चपलेचा अंगठा नीट केला. "तेव्हा पण," म्हणाली.

तू हे वाचून आधी स्वतःला दोष देशील, म्हणून लिहितो. मी तिला म्हणालो, "आई लांब गेली, घरात मी असा म्हातारा, तुझे वडील तू लहान असतानाच गेले..." तिने हात वर करून मला थांबवलं. "ओ आजोबा, लगेच कथा रचू नका. आई इथेच होती तेव्हापासून आहे हे. मजा यायची म्हणून केलं. आता मजा पण येत नाही, नुसतं नॉर्मल वाटावं म्हणून ओढावं लागतं." तू इथे होतीस तेव्हा तुलाही दिसलं नाही, हे मी तुझ्यावर उलटवत नाही आहे. दोघांनाही दिसलं नाही, एवढंच.

आम्ही पुन्हा आत गेलो. डॉक्टरांनी मला समजेल असं सांगितलं. या वयात मेंदू नुसता वाढत नसतो, आवरला जात असतो. वापरातल्या वाटा पक्क्या होतात, बाकीच्या बुजवल्या जातात, आणि हे काम पंचविशीपर्यंत चालू असतं. 'थांब, विचार कर' असं सांगणारा कपाळामागचा भाग सगळ्यांत शेवटी तयार होतो. गांजा नेमका हे काम करणाऱ्या पेशींच्या आपापसातल्या निरोपांत लुडबुड करतो. लक्ष लागत नाही, ऐकलेलं लक्षात राहत नाही, वाक्य अर्ध्यावर सुटतं.

मी विचारलं, "परत येईल का?"

"ओढणं बंद केल्यावर बऱ्याच मुलांचं लक्ष आणि स्मरणशक्ती काही आठवड्यांत सुधारताना दिसते. सगळ्यांचं सगळं परत येतं का, मला माहीत नाही. लहान वयात सुरू करून रोज ओढणाऱ्यांत थोडी तूट मागे राहते असं काही अभ्यास म्हणतात. काही म्हणतात, ती तूट आधीचीच असते, झोपेची, मनाची, घरची. मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही आणि खोटी भीतीही नाही. तिने आज थांबणं उद्या थांबण्यापेक्षा बरं, एवढं नक्की सांगते." मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "आणि तुम्ही तिला शब्द देणं बंद करा. तुमच्यामुळे हे कुणाला दिसलं नाही. तिला स्वतःलासुद्धा."

छकुले, तुला हे लिहायचं म्हणजे आपला करार मोडला हे कबूल करायचं. तरी हात जोडून सांगतो, लगेच येऊन तिला नेऊ नकोस. थोडा वेळ दे.

बाबा


१५ मार्च

छकुले,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. महिनाअखेरीला येतेस आणि तिला घेऊन जातेस. वसतिगृहात जागा सांगून ठेवली आहे. ठीक. मी फोन करणार होतो, पण आपण भांडलो असतो.

इथलं सांगतो, सुंदर न करता.

पहिला आठवडा वाईट गेला. झोप नाही, जेवण नाही, ताट सरकवून उठायची. चिडचिड इतकी की मी चहा ढवळला तरी, "किती वाजवता तो चमचा." डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, असं होतं आणि ओसरतं. ओसरलं. त्या तिला दर आठवड्याला बोलावतात, ती जाते. मी बाहेरच्या बाकावर बसतो.

नाटक तिने सोडलं. स्वतः जाऊन दिग्दर्शकबाईंना म्हणाली, "ते पॉज नव्हते. मी विसरत होते." बाई म्हणाल्या, "मग कुणालाच सांगू नकोस, पेपरात परीक्षण चांगलं येईल." टिटवी हसली नाही. मीही विंगेतून उठलो. मी नसताना दुसरं कुणी शब्द देईल, नाटक होईल.

आणि मी? मी तिच्या तोंडाकडे बघत बसतो. ती बोलता बोलता थांबली की मी तिचा जबडा बघतो. हे नेहमीचं थांबणं की ते? सगळेच थांबतात, तूही थांबतेस, मी तर वाक्यागणिक थांबतो, पण तिचं प्रत्येक थांबणं मी तपासतो. मंगळवारी वैतागून म्हणाली, "आजोबा, तुम्ही माझ्याकडे गॅसकडे बघितल्यासारखं बघता. बंद आहे का, बंद आहे का." मी म्हणालो, "मग काय करू?" म्हणाली, "माहीत नाही. पण असं नका बघू." आता मी वर्तमानपत्राआडून बघतो. तिला तेही माहीत आहे.

कधी वाटतं, सुधारते आहे. काल बाजारातून चारही वस्तू न विसरता आणल्या. लगेच वाटतं, मला पुन्हा काहीतरी सुंदर दिसतंय की काय. माझ्या डोळ्यांवर माझाच विश्वास राहिलेला नाही. म्हणून तुला बोलावतो आहे असं समज, आणि म्हणूनच भीतीही वाटते.

आता ते, जे न लिहिण्याची टिटवीने मला गळ घातली होती. गेल्या शुक्रवारी ती पुन्हा गोदामात गेली. घरी आली तेव्हा मफलर हातात धुवून पिळलेला. मी काही विचारलं नाही. तिनेच सांगितलं, "एकदाच. आईला लिहू नका. ती मग ऐकणारच नाही, घेऊन जाईल." मी म्हणालो, "लिहिणार." ती म्हणाली, "तुम्ही माझ्या बाजूचे आहात ना?" मी म्हणालो, "आहे, म्हणूनच." दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःहून डॉक्टरांना फोन केला आणि त्यांनाही सांगितलं. तेव्हापासून गेलेली नाही, असं ती म्हणते. मी मानतो. तू मान असा आग्रह नाही.

तिच्या बाजूने बोलायला माझ्याकडे पुष्कळ वाक्यं तयार आहेत. पाठ आहेत. पण तिची वाक्यं मी पुरेशी म्हटली. उरलेला कागद तिला देतो आहे. काय लिहिते ते वाचणार नाही.

बाबा


आई,

मी टिटवी. आजोबा समोर बसलेत आणि वाचत नाहीयेत, म्हणजे पेपर उलटा धरलाय.

शुक्रवारचं खरं आहे. त्यानंतर नाही हेही खरं आहे, पण तुला ते तपासायचं असेल तर डॉक्टर तपासणी करतात, मी करून घेईन.

मी तुला एक गोष्ट सांगणार होते. काल गणिताच्या तासाला मला अचानक काहीतरी कळलं, गणितातलं नाही, आपल्याबद्दलचं, आणि मी ठरवलं की हे आईला लिहायचं. आता ते येत नाहीये. मगासपासून पेन धरून बसलेय. याची सगळ्यात घाण बाजू ही आहे. नाटकातली वाक्यं आजोबांना पाठ होती, चष्म्याचं घर त्यांना माहीत होतं. ही गोष्ट फक्त माझी होती, त्यामुळे शब्द द्यायला कुणीच नाही.

डॉक्टर म्हणतात, थांबायचं, घाई नाही करायची, जे आलं ते लिहायचं. तर हे आलं.

वसतिगृहात मी बोलता बोलता थांबले तर मुली म्हणतील विचार करतेय, किंवा भाव खातेय. तिथे मी कितीही दिवस लपू शकते. मला ते जमतं, दोन वर्षं जमलं. इथे एक माणूस आहे ज्याला कळतं की मी थांबलेय की विसरलेय. आणि आता तो शब्द देत नाही. नुसता ओठ दाबून बसतो, कान लाल होईपर्यंत. खूप राग येतो. पण त्यांच्यासमोर मला खोटा पॉज घेता येत नाही.

तू ये. न्यायचं की नाही ते आल्यावर बोलू, पण आधी इथे आठ दिवस राहा आणि माझ्या समोर बस. तुलाही ओळखायला येईल. तू नर्स आहेस, लवकर शिकशील.